मिठाची गुळणी

विवेकाचा आवाज कोणालाही दाबता येत नाही. हे वाक्य माझं आहे. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत, गडहिंग्लजच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी ते म्हणणार होतो. शेवटून दुसरं, उजवा हात किंचित वर करून. व्याख्यान सोमवारी संध्याकाळी सहाला होतं. सोमवारी सकाळी साडेसहाला मी आतल्या खोलीतून बायकोला चहा टाकायला सांगितलं, तर शैलजाने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय?"

माझा आवाज मलाही ओळखू येत नव्हता. घसा आतून कोणीतरी किसणीवर घासल्यासारखा झाला होता आणि आवंढा गिळायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागत होती. थोड्या वेळाने मिथिला उठली. ती तेव्हा सहा वर्षांची होती. एरवी उठल्याबरोबर बोलायला लागणारी मुलगी, तिने नुसता गळ्याला हात लावून दाखवला. अंगही गरम होतं. शैलजाच्या मते हे मिथिलाने शाळेतून आणलं आणि मला दिलं. घरात मला कोणीतरी काहीतरी दिल्याची ही त्या महिन्यातली पहिलीच वेळ होती.

त्या वेळी मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. व्याख्यानाचा विषय 'विवेक आणि आपण' असा होता. वाचनालयाचे सेक्रेटरी खणगावे यांनी तो फळ्यावर रंगीत खडूने लिहून चौकात टांगला होता आणि खाली 'सर्वांनी सहकुटुंब यावे' असंही लिहिलं होतं.

सहकुटुंब म्हणजे आम्ही चौघं. चौथी गोदूआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी तीन वर्षांचा असताना माझी आई गेली आणि मला आत्याने वाढवलं. तिच्यापुढे मी कधी मोठा झालो नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, प्राध्यापक झाल्यावरही, मी बाळूच होतो.

आत्याच्या उजव्या हाताचा अंगठा तालुक्यात प्रसिद्ध होता. घसा दुखतो तो पडजीभ खाली उतरल्यामुळे, आणि ती कोणीतरी वर चढवावी लागते, अशी तिची खात्री होती. चढवणारी अर्थात ती. वाटीत हळद आणि मीठ कालवायचं, अंगठा त्यात बुडवायचा, समोरच्याला आ करायला लावायचं आणि अंगठा आत घालून पडजीभ जोरात वर दाबायची. समोरचा ओकारी काढायचा, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि चार-पाच दिवसांत तो बरा व्हायचा. आसपासच्या गावांतून लोक यायचे. एकदा एक मोठे साहेब जीपमधून आले आणि शिपायाला बाहेर उभं करून आमच्या ओसरीवर आ करून गेले. मी स्वतः बारावीपर्यंत या अंगठ्याखाली होतो.

एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे मी प्रथम वर्षाला दर जुलैत शिकवायचो. उदाहरण कोंबडं आरवण्याचं आणि सूर्य उगवण्याचं घ्यायचो. अंगठ्याचं कधी घेतलं नाही.

त्या सकाळी आत्या मुळातच घरी नव्हती. सोमवारी ती महादेवाच्या देवळात जायची ती बारापर्यंत यायची नाही. त्यामुळे नऊला मी मिथिलाला घेऊन डॉक्टर हुक्केरींकडे गेलो. या डॉक्टरबाई गावात नव्या होत्या, वयाने तिशीच्या. कमी बोलायच्या आणि त्याहून कमी औषध लिहायच्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल गावाचं मत अजून बनायचं होतं.

त्यांनी दोघांचे घसे बॅटरी लावून पाहिले, माना चाचपल्या, मिथिलाचा ताप मोजला, तिला वजनकाट्यावर उभं केलं. दोघांनाही साधा विषाणूचा त्रास आहे, पाच-सहा दिवसांत आपोआप जाईल, म्हणाल्या. मी घोगऱ्या आवाजात त्यांना व्याख्यानाची अडचण सांगितली आणि एखादी कडक अँटिबायोटिक मिळाली तर बरं, असं सुचवलं.

"कडक देता येईल," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला जे झालंय त्याला ती लागू होत नाही. तुमच्या व्याख्यानासारखं आहे सर. जे आलेच नाहीत त्यांच्यावर कितीही जोरात दिलं तरी परिणाम होत नाही."

मग त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की मला जरा फसवल्यासारखं वाटलं. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. कोमट, कढत नाही. कढत पाण्याने घसा भाजून आलेले लोकही त्यांनी पाहिले होते. मिथिलाला पाणी न गिळता थुंकता येत असेल तर तिनेही कराव्यात, नसेल तर राहू दे. भरपूर पाणी, सूप, मऊ भात. दुखत असेल तर मला पॅरासिटामॉलची गोळी. तिला त्याचंच पातळ औषध, वजनाप्रमाणे, बाटलीबरोबरच्या मापाने, घरातल्या चमच्याने नाही. डोकेदुखीवरची ॲस्पिरिन असलेली गोळी मोडून तिला द्यायची नाही, अगदी पाव गोळीसुद्धा नाही. चघळायच्या गोळ्या माझ्यासाठी ठीक. लहान पोरांच्या घशात त्या अडकतात. पातेल्यातल्या वाफेवर मुलीला वाकवायचं नाही.

"आइस्क्रीम?" मिथिलाने विचारलं. तो तिचा त्या सकाळचा पहिला शब्द होता.

"चालेल. थंडाने घसा जरा बधिर होतो, बरं वाटतं."

मिथिलाने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंबद्दल निदान एका माणसाचं मत त्या क्षणी बनलं.

मधाचं मी विचारलं. कोमट पाण्यातून दोघांनीही घ्यायला हरकत नाही, म्हणाल्या, फक्त वर्षाच्या आतल्या मुलाला मध कधी चाटवायचा नाही. मी म्हटलं, मला तर आत्याने जन्मल्या दिवशीच मध चाटवला होता, मला काही झालं नाही.

"म्हणून तुम्ही सांगताय. ज्यांना झालं ते सांगायला येत नाहीत."

हाही दोष मी प्रथम वर्षाला शिकवायचो. सप्टेंबरात.

चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, हिच्या घशात घरी कोणी बोट वगैरे घातलं नाही ना. मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. पंधरा दिवसांपूर्वी नेसरीकडचा एक पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला होता. नुसता घसा दुखत होता म्हणून कोणीतरी त्याची पडजीभ वर केली, त्यात नखाने टाळूच्या मागे फाटलं. दोन दिवसांत आतून सूज आली. थुंकी गिळता येईना, तोंडातून लाळ गळायला लागली, श्वास घेताना आवाज यायला लागला. असं काही दिसलं तर मोठा असो की लहान, घरी थांबायचं नसतं. त्यांनी त्याला तसाच गाडीत घालून बेळगावला पाठवला. वाचला, आता घरी आलाय.

"कोणी केलं होतं?" मी विचारलं.

"नाव मी विचारलं नाही. त्याची आई म्हणाली, गडहिंग्लजला एक आजी आहेत, कोणाकडून काही घेत नाहीत."

बाहेर कंपाउंडर कोणाला तरी नंबर सांगत होता.

"त्यांना कोणीतरी सांगायला हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतील, कालची पोरगी."

"मी सांगतो."

"आवाजाला विश्रांती द्या. पण एवढं बोला."

निघताना त्या मिथिलासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, तुझ्या घशात बघायचं ते फक्त मी. दुसऱ्या कोणी बोट घातलं तर काय करायचं? मिथिलाला माहीत नव्हतं.

"तोंड मिटायचं."

मिथिलाने मान हलवली. सूचना नीट ऐकून घेण्यात ती वर्गात पहिली होती.

घरी येऊन मी शैलजाला सगळं सांगितलं. तिने मुलाचं दोनदा विचारलं, तो आता कसा आहे म्हणून. घरी आलाय, मी म्हटलं. मग मी म्हटलं, आत्याशी तूच बोललीस तर बरं, माझा आवाज असा.

"मी सून आहे," शैलजा म्हणाली. "मी सांगितलं तर ते भांडण होईल. तुम्ही सांगितलं तर ती माहिती होईल."

हे मला पटलं. मी जेवणाआधी सांगायचं ठरवलं. मग आत्या देवळातून आली आणि मला बरं नाही हे कळताच तिने हातपाय धुऊन थेट मऊ भात टाकला, त्यावर तूप सोडलं, मेतकूट घातलं आणि माझ्यासमोर बसून मी घास कसा गिळतो ते बघत राहिली. असं कोणी बघत असताना त्याला सांगायची ती गोष्ट नव्हती. मी जेवणानंतर सांगायचं ठरवलं.

जेवणानंतर आत्याने विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

मी घशाकडे बोट दाखवलं, मिथिलाची पाटी ओढली आणि लिहिलं: आवाजाला विश्रांती.

आत्याने ते वाचलं. पडजीभ बघितली का तिने, म्हणून विचारलं. मी मान हलवली, ती हो-नाहीच्या मधे कुठेतरी. आत्या म्हणाली, इकडं ये, मी करते वर. मी पाटीवर लिहिलं: व्याख्यानानंतर. तिला ते पटलं, कारण ओकारीने आवाज आणखी जातो हे तिलाही अनुभवाने माहीत होतं.

"मग पोरीची करते चारला," ती म्हणाली. "तिला कुठं भाषण आहे."

आणि ती पडायला गेली. मी पाटी पुसली. शैलजा दारात उभी होती. मी तिला खुणेने सांगितलं: चारच्या आधी.

दुपारी मी मागच्या पडवीत व्याख्यानाची टिपणं चाळत बसलो. तिथेच हात धुवायचं बेसिन होतं. दर तासाला शैलजा ग्लासात कोमट पाणी आणि मीठ आणून ठेवायची आणि मी गुळण्या करायचो. मिथिलाच्या गुळण्या मी तिला शिकवल्या. पहिल्या दोन ती प्यायली, तिसरी माझ्या टिपणांवर गेली. तेव्हा तिला सोडून दिलं. पातळ औषधाने तिचा ताप उतरला होता, अर्धी वाटी आइस्क्रीम पोटात गेलं होतं आणि एकंदरीत तिला आजारपण आवडायला लागलं होतं.

तीनला मी आत्याच्या खोलीपर्यंत गेलो. ती झोपली होती. साडेतीनला परत गेलो. ती जागी होती आणि हळद वाटत होती. मला बघून म्हणाली, काय रे बाळू, पाणी तापवू? मी मान हलवून परत आलो.

चारला ती पडवीत आली. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात मिथिला. तिने मिथिलाला पायरीवर बसवलं, उजेडाकडे तोंड करून. शैलजा स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. ती म्हणाली, "आत्या, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग बेसिनकडे वळून तिने मला विचारलं. इतक्या वर्षांत तिने अंगठ्यासाठी कोणाची परवानगी मागितलेली मी पाहिली नव्हती.

"बाळू, पोरीची पडजीभ वर करते. तुझं काही म्हणणं आहे का?"

माझ्या तोंडात मिठाच्या पाण्याची गुळणी होती.

ती थुंकायला बेसिन वीतभर अंतरावर होतं. मी मान मागे टाकली आणि गुळणी केली. पडवीत त्याचा बराच मोठा आवाज होतो.

"बघ," आत्या शैलजाला म्हणाली. "त्याचं काही नाही."

मिथिला म्हणाली, "गोदूआजी, डॉक्टरबाई म्हणाल्यात, कोणी बोट घालायचं नाही."

"मी काय कोणी आहे का गं? आ कर."

आजीने आ कर म्हटलं म्हणून मिथिलाने आ केला. अंगठा आत गेला. शैलजा दारातून निघाली होती, पण ती पोचायच्या आत मिथिलाने डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे तोंड मिटलं.

आत्या ओरडली नाही. ती नुसती खाली बसली, पोरीच्या तोंडात अंगठा तसाच, आणि हळू म्हणाली, "सोड गं बाई."

मिथिला सोडेना. तिला तोंड मिटायला सांगितलं होतं, उघडायचं कधी ते सांगितलं नव्हतं. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. मी तोंडातलं पाणी थुंकलो आणि म्हटलं, "मिथिला, सोड."

आवाज चांगला आला. घोगरा होता, पण गेटपर्यंत ऐकू गेला असता.

तिने सोडलं. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना दातांची रांग उमटली होती आणि नखाखालून रक्त येत होतं. आत्याने सवयीने अंगठा त्याच हळदीच्या वाटीत घातला आणि तिथल्या मिठामुळे लगेच बाहेर काढला. शैलजाने आधी मिथिलाच्या तोंडात बघितलं, तिला काही लागलं नव्हतं. मग आत्याला बेसिनशी नेऊन साबणाने अंगठा धुतला, फडकं गुंडाळलं आणि गुंडाळता गुंडाळता, आवाज न चढवता, नेसरीच्या मुलाचं सगळं सांगितलं. नख, सूज, लाळ, बेळगाव. ते भांडण झालं नाही. शैलजाचा अंदाज चुकला होता.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "निळा सदरा होता का त्याचा? जावळ ठेवलेलं?"

शैलजाला ते माहीत नव्हतं.

"आता कसा आहे?"

"घरी आलाय म्हणे."

आत्या पायरीवर बसली. मग तिने विचारलं, "बाळूला हे कधी कळलं?"

"सकाळी दहाला."

पाटी तिथेच बाकावर पडली होती. आत्याने ती डाव्या हाताने उचलली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि माझ्याकडे दिली.

"पाटीवर जागा होती की रे," ती म्हणाली.

व्याख्यान ठरल्या वेळी झालं. पंचेचाळीस माणसं होती, त्यांतली काही खालच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचायला आलेली आणि दिवे वर लागले म्हणून वर बसलेली. माझं कुटुंब पहिल्या रांगेत होतं. आत्याने उजवा हात पदराखाली ठेवला होता. शेवटून दुसरं वाक्य मी गाळलं, त्यामुळे हात वर करायचा राहिला आणि व्याख्यान जरा अर्धवट संपल्यासारखं वाटलं. आभार मानताना खणगावे म्हणाले की सरांनी प्रकृती बरी नसतानाही आपला आवाज आपल्यापर्यंत पोचवला, आणि अशा निर्भीड वक्त्यांची आज गरज आहे. टाळ्या पडल्या. आत्याला एका हाताने वाजवता येत नव्हत्या.

ही गोष्ट आमच्या घरात गेली अठ्ठावीस वर्षं सांगितली जाते. मिथिला आता चौतीस वर्षांची आहे आणि तिच्या सासरीही ती प्रसिद्ध आहे. पाहुणे विचारतात, सर तिथेच होते ना, मग ते काही बोलले कसे नाहीत? शैलजा म्हणते, बोलणार कसे, त्यांच्या तोंडात गुळणी होती. सगळे हसतात. मिठाची गुळणी धरून बसलेला खरा माणूस आज पाहिला, असं कोणीतरी म्हणतंच. मीही हसतो.

त्यात एकच दुरुस्ती आहे. आत्या पडवीत आली तेव्हा ग्लास काठोकाठ भरलेला होता, शैलजाने दोन मिनिटांपूर्वी आणून ठेवलेला. मी तो ओठाला लावला तो आत्याने 'बाळू' म्हटल्यानंतर. पाणी तोंडात भरेपर्यंत तिचं वाक्य पूर्ण झालं. शैलजा दारात उभी होती आणि तिचं लक्ष ग्लासाकडे होतं. तिने हे कोणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही.

आत्याने त्यानंतर कोणाची पडजीभ वर केली नाही. पुढच्या सोमवारी ती देवळाऐवजी एसटीने नेसरीला गेली आणि संध्याकाळी परत आली. तिथे काय झालं ते आम्ही विचारलं नाही. घसा दाखवायला कोणी आलं की ती अंगठ्याचं फडकं दाखवायची आणि मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगून परत पाठवायची. फडकं तीन आठवडे होतं. त्या तीन आठवड्यांत जे जे परत गेले ते सगळे चार-पाच दिवसांत बरे झाले.

मिथिलाचा घसा शुक्रवारी बरा झाला, माझा शनिवारी. अंगठा मात्र पिकला. डॉक्टर हुक्केरींनी त्या आठवड्यात आमच्या घराला एकच अँटिबायोटिक लिहून दिली, ती अंगठ्यासाठी.